फवारणी पंपावरचा बार

काल संध्याकाळी सव्वासातला माझ्या घरच्या बारमधले तीनशे दिवे एका फटक्यात गेले. लाइन गेली नव्हती. शेजारचे भाऊ सरळ आत आले, काउंटरमागे वाकले, दोन चिमटे काढले आणि फवारणी पंप खांद्याला अडकवून चालते झाले. समोर नागपूरहून आलेले व्याही बसलेले, हातात संत्र्याच्या सरबताचा पेला.

बार म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. आमचा जिल्हा वर्धा. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. जिल्ह्यात दारूबंदी आहे. (ती कितपत आहे हे वर्धेकराला विचारू नये.) तरी पुण्याच्या पुतण्याने आमच्या नव्या बैठकीत काचेच्या फळ्यांचं कपाट करवून घेतलं आणि त्याला 'होम बार' असं नाव दिलं. आम्ही त्यात संत्र्याचं, बेलाचं आणि गुलाबाचं सरबत ठेवलं. एका विलायती बाटलीत मनीप्लँट आहे. दिवाळीत त्याने फळ्यांखाली एलईडीची ५ मीटरची पट्टी चिकटवली आणि भाऊबीज उरकून पुण्याला निघून गेला. बायको तेव्हापासून एकच वाक्य बोलते आहे : "देवाले झिरोचा बल्ब, अन् बाटल्यांले तीनशे लाइट!"

पट्टीच्या खोक्यावर लिहिलं होतं : मीटरला ६० दिवे, मीटरला १४.४ वॅट. म्हणजे एकूण ७२ वॅट. १२ व्होल्टने भागा, ६ अँपिअर. खोक्यातला अडॅप्टर २ अँपिअरचा. बैलगाडीला बकरी जुंपावी तशातला प्रकार. मी आयुष्यभर पोट्ट्यांना भागाकार शिकवला, आणि हा भागाकार केला तो अडॅप्टरवर पापड भाजता येईल इतका तो तापल्यावर. पट्टी लागायची, विझायची, पुन्हा लागायची. त्यातही पहिली फळी लख्ख, दुसरी बरी आणि तिसरी शेवटच्या बाकासारखी मंद. पट्टीतलं तांबं पातळ, टोकाला जाईस्तोवर व्होल्टेज दमतं. दोन्ही टोकांना वायर द्यावी लागते. हे मला आता कळतं. १० अँपिअरचा सप्लाय तालुक्याच्या दुकानात सांगितला. "शुक्रवारी येते." कोणत्या शुक्रवारी, हे मी विचारायला हवं होतं.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला, आणि त्याच्या पाठोपाठ भाऊ आले. भाऊंनी कधीकाळी वायरमनची शिडी धरली होती. तेवढ्यावर गाव त्यांना इंजिनीअर म्हणतं.

"किती व्होल्टाचं हाय?"

"बारा."

"मंग रडता काहाले मास्तर? गावात बाराचा काय दुकाळ हाय?" ते बोटं मोडू लागले. "टॅक्टर बारा. फटफटी बारा. इन्व्हर्टर बारा. झटका मशीन बारा." (झटका मशीन म्हणजे डुकरं अडवायला वावराच्या तारेत झटका सोडणारं यंत्र.)

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना चौदाच्या वर जाते, पट्टी जळेल, असं मी म्हणालो.

"चौदा त बाराच्या जवळच हाय. तुमी पेपर तपासताना दोन मार्क सोडून देत नव्हते का?"

मी गप्प. खरंच देत होतो.

"बरं, झटका मशीनची बॅटरी आणतो वावरातून."

"अन् डुकरं?"

"डुकराले काय मालूम का मशीन बंद हाय म्हून? तार त दिसते न."

"मग रोज चालू कशाला ठेवता?"

भाऊ विचारात पडले. चहाचा अर्धा कप संपला. "थे बी हायच," म्हणाले. मग एकदम उजळले. "अख्खी मशीनच आणू! बॅटरीवर लाइट, अन् झटक्याची तार बाटलीले. विचारल्याबिगर कोनी हात लावला का खल्लास!"

ईवायाला, म्हणजे व्याह्यांना, झटका द्यायचा नाही, हे त्यांना पटवायला मला उरलेला अर्धा कप लागला. शेवटी भाऊंच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपावर तडजोड झाली. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास; गुणाकार ९६ वॅट-तास, त्याला ७२ ने भागलं, कागदावर एक तास वीस मिनिटं.

"ईवाई किती वेळ बसतीन?"

"दोन तास."

"मंग गोठी भरभर करा."

पंप काउंटरमागे दडवला. धुतला होता, असं भाऊ म्हणाले. तरी औषधाचा उग्र वास बैठकभर पसरला. झगमगाट दिसावा म्हणून मी ट्यूबलाइट बंद केली होती. व्याही आले, कपाट पाहून खूश झाले, एक लांब श्वास घेतला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "गावठी का?" मी संत्र्याचं सरबत पुढे केलं. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळा मारला. पुढची चाळीस मिनिटं ते समजूतदारपणे सरबत पीत राहिले.

आणि मग भाऊ. "मास्तर, आज रातची लाइन हाय. हरबऱ्याले पानी द्या लागते, सकाऊन तुरीवर फवारा हाय. पंप चार्जिंगले लावून जातो." एवढं बोलून पंप खांद्यावर.

आता यावर रागवायचं कसं? शेतीची लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्याला रात्रीची पाळी आली तो अर्ध्या रात्री कुडकुडत बांधावर. पायाखाली साप की दांड, बॅटरी मारल्याशिवाय कळत नाही. वर बिबट्याच्या बातम्या. दिवसा वीज मागून मागून माणसं थकली. आणि मी मनीप्लँटला ७२ वॅट पाजतो आहे. हे सगळं मला कळतं, म्हणून भाऊंना एक शब्द बोलता आला नाही, आणि तोच शब्द कालपासून घशात अडकून बसला आहे. दारातून हाक मारता येत नव्हती का? काउंटरमागे घुसून, माझ्या व्याह्यांच्या गुडघ्याला नोझल लावत?

बैठकीत गुडुप अंधार. मी ट्यूबचं बटन चाचपडत होतो. सरबताचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि व्याही अंधारात अगदी आपुलकीने म्हणाले, "बरं केलं ईवाई, लाइट बंद केले थे. आता खरी काढा."

मी बेलाचं काढलं.