हुकूमशहा मागवताना घ्यायची काळजी

विकास हवाय ना? मग आधी मत द्यायची खोड मोडा. विरोधी पक्ष, न्यायालयं, वर्तमानपत्रं... एक पूल बांधायचा तर किती जणांची मनधरणी करायची! त्यापेक्षा एकच खमक्या माणूस आणा. जेवण अंगावर आलं की तुम्ही हे म्हणताच, आता मनावर घ्या.

मागणी नोंदवताना नमुना मात्र स्पष्ट सांगा : सिंगापूरचा ली क्वान यू. तो शिल्लक नसेल तर दक्षिण कोरियाचा पार्क चुंग-ही हासुद्धा चालेल. १९६१ मध्ये बंड करून आला, कारखाने उभारून गेला. (गेला म्हणजे १९७९ मध्ये त्याच्याच गुप्तहेर प्रमुखाने गोळ्या घातल्या. निवडणुका नसल्या की निरोपसमारंभ असे होतात.) १९८७ नंतर कोरियात लोकशाही आली आणि देश तरीही श्रीमंत होतच राहिला, हे कुणी काढलं तर विषय बदला.

कधीकधी मालाची अदलाबदल होते, तेवढं चालवून घ्या. ली मागवावा आणि झैरेचा (आजच्या काँगोचा) हुकूमशहा मोबुटू निघावा. त्यानेही आपल्या गावी कॉन्कॉर्ड, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान, उतरेल एवढी धावपट्टी बांधली. पायाभूत सुविधाच की!

किंवा ब्रह्मदेशचा ने विन निघेल. झटपट निर्णय म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. १९८७ मध्ये त्याने २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द केल्या, भरपाई शून्य. मग चलनात आल्या ४५ आणि ९० च्या नोटा. नऊ हा म्हणे त्याचा शुभ अंक. संसदेत हा प्रस्ताव वर्षभर रखडला असता! त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी देशाला अल्पविकसितांच्या यादीत घातलं.

चीनचं उदाहरण द्याच, पण १९७८ पासून, म्हणजे आर्थिक सुधारणांपासून सुरू करा. १९५८ ला हात लावू नका. तेव्हा माओची 'मोठी झेप' ही उत्पादन वाढवण्याची मोहीम चालू होती आणि धान्याचे आकडे दृष्ट लागण्यासारखे होते. गावचा अधिकारी फुगवून सांगे, वरचा आणखी फुगवी, आणि त्या आकड्यांच्या हिशेबाने सरकार धान्य उचलून नेई. कोट्यवधी माणसं भुकेने मेली. आकड्यांवर शंका घेणाऱ्यांची तोंडं आधीच बंद झाली होती.

आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं नाव काढू नका. १९६६ पासून नेमाने निवडणुका घेऊनही तो कित्येक दशकं जगातल्या सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत होता. असले देश वादात अडचण करतात.

शेवटचं : माल पसंत पडला नाही तर परत करता येतो का, असं बरेच जण विचारतात. येतो की! मतदान केंद्रावर जा आणि... अरेच्चा, ते तर तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं.