‘हा जुगाड आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जिनिंगच्या वजनकाट्यावरील जुन्या संगणकात पावती छापणारा प्रोग्राम पोर्ट केल्याविषयीच्या (म्हणजे त्या यंत्रावर चालेल असा केल्याविषयीच्या) माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. एक चूक आधीच मान्य करतो: लिबआरएसव्हीजी या चित्रे रेखाटणाऱ्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) आवृत्ती २.४०.२० अशी पडली होती, ती २.४०.२१ हवी, दुरुस्ती केली आहे. मात्र "रस्ट [ही प्रोग्रामिंग भाषा] टाळण्यासाठी जुनी लिबआरएसव्हीजी बसवणे हे पोर्टिंग नव्हे, जुगाड आहे; लेखकाने आधी शिकावे, मग शिकवावे," हे आपले वाक्य मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्यातला रोख तसाच बोचला.

काय अडले आहे हे न कळता कसेबसे चालवून घेणे, याला मी जुगाड म्हणतो. मला काय अडले ते पुरते कळले होते. प्रोग्रामसोबतच्या सूचनांत जीटीके (खिडक्या-बटणे दाखवणारी लायब्ररी) आणि सी कम्पाइलर (सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) एवढेच लागेल असे लिहिले होते. प्रत्यक्षात बटणांवरची चिन्हे एसव्हीजी (रेषांच्या वर्णनातून रेखाटली जाणारी चित्रे) निघाली, म्हणून ती रेखाटणारी लिबआरएसव्हीजी आली. २०१७ मधील २.४१ पासून त्या लायब्ररीत रस्ट शिरल्यामुळे तिच्यामागे रस्टचा कम्पाइलर आला आणि त्याच्यामागे त्याला यंत्राच्या आज्ञा तयार करून देणारे एलएलव्हीएम. रस्टचा कम्पाइलर बांधायचा तर आधीचा रस्ट कम्पाइलर हाताशी लागतो, आणि ३२ बिटांसाठी तयार मिळणारा कम्पाइलर एसएसई२ हा प्रोसेसरच्या आज्ञांचा संच गृहीत धरतो, जो त्या संगणकातल्या पेंटियम-थ्रीमध्ये नाहीच. सुरू करताच पडद्यावर ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोन शब्द उमटतात आणि खेळ संपतो. निव्वळ सी मधली शेवटची मालिका २.४० ची, म्हणून ती घेतली. रस्ट न चालणाऱ्या प्रोसेसरांसाठी जेंटू या लिनक्स वितरणानेही तीच बराच काळ सांभाळली. त्यांनाही आपण शिकायला पाठवणार का?

राहिला माझ्या शिक्षणाचा प्रश्न. धुळ्यात डिप्लोमा करत असताना मी रात्रीच्या भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कम्पाइल केलेला आहे; नऊ तास चाललेला बिल्ड वीज गेल्याने दोनदा पाण्यात गेला आणि तिसऱ्यांदा पूर्ण झाला. कोणती डिपेंडन्सी (प्रोग्रामला लागणारी दुसरी लायब्ररी) खरोखर लागते आणि कोणती उगाच दारात येऊन बसते, हे ओळखायला मी तिथे शिकलो. आपण कुठे शिकलात ते प्रतिक्रियेत लिहिलेले नाही, आणि मी विचारणारही नाही.

जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत हे खरे, पण त्या संगणकाला इंटरनेटच नाही. हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात होते. दुसऱ्या यंत्रावर या संगणकासाठी कम्पाइल (क्रॉस-कम्पाइल) करावे किंवा चिन्हेच पीएनजी (ठिपक्यांची साधी चित्रे) करून टाकावीत, म्हणजे ही लायब्ररीच लागणार नाही, या आपल्या सूचना वाईट नाहीत. परंतु तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. सूचनांतील त्रुटी मूळ प्रकल्पाला का कळवली नाही, असेही आपण विचारले आहे. कळवीन, सवड झाल्यावर.

सध्या कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आहे आणि पावत्या नीट निघत आहेत. हंगाम उरकेपर्यंत मी त्या यंत्राला हात लावणार नाही, पीएनजीसाठीसुद्धा नाही.