गाळ उचलण्याआधी

चिपळूणहून दादाचा फोन आला की बोलणे वाशिष्ठीच्या गाळावर येतेच. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात माळ्याच्या तुळईपर्यंत पाणी चढले होते. त्यानंतर नदीतला गाळ काढावा म्हणून शहरातल्या लोकांनी उपोषण केले, ते रास्तच होते. परवा मात्र दादा म्हणाला, "काढलेल्या गाळाच्या चार ट्रॉल्या मिळाल्या तर वाडीत घालीन म्हणतो, माडांना बरा." मी राहतो त्या खोऱ्यात हेच, इतक्याच विश्वासाने, एकदा घडून गेले आहे.

स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात ऱ्होन नदी आल्प्समधून उतरते. पूर्वी ती पात्र बदलत खोरेभर पसरे. १८६० च्या मोठ्या पुरानंतर, १८६३ पासून, तिला दोन्ही बाजूंनी बांध घालून सरळ करण्यात आले. सरळ, अरुंद पात्रात पाणी वेगाने धावते आणि बारीक पोयटा न थांबता खाली वाहून जातो. पण बांधामागच्या दलदलीचे शेत करायचे तर पाण्याचा निचरा करणारे कालवे हवेत, आणि अशा जवळजवळ सपाट कालव्यांत पाणी रेंगाळते, पोयटा तळाशी बसतो. गोट्यांना आणि जाड वाळूला विषारी धातू फारसे चिकटत नाहीत. ते चिकटतात बारीक मातीच्या कणांना. म्हणजे नदीची रचना बदलताना विष कुठे साठेल हेही माणसाने, नकळत का होईना, ठरवून टाकलेले असते.

फिस्प गावातल्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत अशाच एका कालव्यात, ग्रोसग्रुंडकानालमध्ये, जात होते आणि त्यात पारा होता. कालवा तुंबू नये म्हणून त्यातला गाळ वेळोवेळी उपसला जाई, आणि उपसलेली काळी, मऊ माती शेतकरी व घरमालक आनंदाने नेत, शेतात पसरत, परसात भर घालत. ही गोष्ट खऱ्या अर्थाने पुढे आली ती २०१० च्या सुमारास, महामार्गाच्या कामात माती तपासली गेली तेव्हा. इथल्या शिस्तीचे आपल्याकडे फार कौतुक होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्यानंतर घरांच्या बागा एकेक करून तपासल्या गेल्या. फिस्पच्या पश्चिमेला एका बागेपाशी मी बराच वेळ उभा होतो: सॅलडचे वाफे गेलेले, गुडघाभर खोल चौकोनी खड्डा, कडेला मुळांसकट जपून ठेवलेले एक गुलाबाचे झाड, आणि भरलेल्या ट्रकवर ताडपत्री.

आता ऱ्होनला पुन्हा रुंद करण्याचा प्रकल्प आहे. पुरासाठी आणि नदीच्या जिवासाठी तो मला योग्य वाटतो, पण शेतजमीन जाते म्हणून इथेही वाद पेटलेला आहे. शिवाय पात्र रुंद झाले की पाणी मंदावते आणि पोयटा पुन्हा थांबू लागतो. जुनी दूषित माती आधी हलवल्याशिवाय तिथे नदीला जागा देता येत नाही.

गाळ काढू नका, असे मी इथे बसून म्हणणार नाही. ज्याने पुरात घर गमावले त्याला थांबा म्हणण्याचा अधिकार मला नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागचा विचारही मला पटतो, कारण ज्या तलावावर फक्त डोंगर आणि शेते आहेत तिथला गाळ म्हणजे बहुतेक शेतातून वाहून गेलेली मातीच. वाशिष्ठीच्या काठी मात्र खेर्डीची एमआयडीसी आहे, शहराची गटारे आहेत. तिथला गाळ दूषित आहेच असे मी म्हणत नाही; तो पसरण्याआधी टप्प्याटप्प्याने तपासावा आणि कोणती ट्रॉली कोणाच्या जमिनीत गेली याची नोंद राहावी, एवढेच मागतो. उपशाचा खर्च ज्या निविदेत धरता येतो तिच्यातच ही तपासणीही बसवता येईल. पारा, शिसे, कॅडमियम यांची चाचणी नमुन्यावर होते; माती शेतभर पसरून नांगरली की ती पुन्हा वेगळी काढणे किती अवघड असते, ते मी त्या खड्ड्यापाशी पाहिले.

दादाला मी सांगितले आहे की ट्रॉली आलीच तर नदीच्या कुठल्या भागातून भरली ते चालकाला विचारून वहीत लिही, आणि तपासणी होईपर्यंत गाळ माडांच्या आळ्यात न घालता विहिरीपासून दूर, ताडपत्रीखाली राहू दे.