वीस डॉलर आणि वीस पोरं

मेलबर्नमध्ये नागरिकत्व मिळाल्यावर आलेल्या पहिल्याच निवडणुकीत मी मत द्यायला गेलो नाही. आळस, दुसरं काही नाही. थोड्या दिवसांनी पत्र आलं: सबळ कारण कळवा, नाहीतर २० डॉलर भरा. भरले. सांगलीला आत्याला फोनवर हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. "आमच्याकडं मत द्यायला पैसे वाटतात म्हणे, तुमच्याकडं न दिल्याबद्दल कापून घेतात व्हय?"

ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान 'कंपल्सरी' आहे. १९२२ च्या निवडणुकीत ६० टक्केही मतदान झालं नव्हतं, १९२५ ला ते ९० च्या पुढं गेलं. पण मला जास्त पटते ती दुसरी बाजू. मतदान शनिवारी असतं, आठवडाभर आधी देता येतं, टपालानं पाठवता येतं, दवाखान्यात अन् वृद्धाश्रमात पेटी घेऊन माणसं येतात. माझ्यावर सक्ती केली म्हणून सरकारनं स्वतःलाही बांधून घेतलंय. (आपल्याकडं गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र उभारतात, तेही मतदाराला कसली सक्ती नसताना. हे इथल्या मित्रांना सांगताना माझी कॉलर जरा ताठ होते.)

'कंपल्सरी'चं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'हाकून एकत्र आणणं'. गुरं आणतात तसं. त्याच मुळातून 'कंपेलिंग' निघालं, म्हणजे खिळवून ठेवणारं, आणि 'कंपल्सिव्ह'ही, म्हणजे ज्याला केल्याशिवाय राहवतच नाही तो. हाकणारा कधी बाहेर, कधी आत. आपण हे वेगवेगळ्या खुंट्यांना टांगलंय: भाग पडलं, भिडेपोटी केलं, भरीस पडलो, राहवलं नाही. आणि सक्ती. हा फारसीतला शब्द, 'सख्त'चा भाऊ. 'कंपल्सरी' हे विशेषण वस्तूला चिकटतं आणि गप्प बसतं. 'सक्ती' म्हटलं की लगेच दोन प्रश्न येतात, कुणाची आणि कुणावर?

म्हणूनच गेल्या वर्षीचा हिंदीचा वाद मी इथून वाचत होतो तेव्हा एका शब्दाशी अडलो. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी 'अनिवार्य' होती. अनिवार्य म्हणजे जे निवारता येत नाही ते. आयर्विन पुलाला लागलेलं कृष्णेचं पाणी अनिवार्य असतं, पहिलीतल्या पोराच्या दप्तरातलं पुस्तक नव्हे. ते कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. लोकांनी 'सक्ती' म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. मग १७ जूनला 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं हवीत, तेव्हा शिक्षक मिळेल. नाहीतर ऑनलाइन. आत्यानं जत तालुक्यात शिक्षिकेची नोकरी केली, जिथं निम्मी पोरं घरी कन्नड बोलायची. ती म्हणाली, "माझ्या वर्गाचा पटच चौदा. वरची सहा कर्नाटकातनं आणायची का?" २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले गेले. पण शब्द बदलला आणि सक्ती तशीच राहिली, ही युक्ती मला मूळ निर्णयापेक्षा जास्त खटकली.

सक्तीचंच वावडं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सांगलीशेजारच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. पुढं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तोच शब्द आला, पण त्यानं कूस बदलली. तिथं सक्तीचं शिक्षण म्हणजे काय ते सांगितलंय: मुलाला शाळा देणं, त्याचा प्रवेश, हजेरी आणि पूर्ण शिक्षण पाहणं हे सरकारचं बंधन. दंड बापाला नाही. चिखलातनं पाच किलोमीटर चालणाऱ्या पोरीवर नव्हे, तिच्यासाठी सरकारवर सक्ती. कायद्याचं नाव आपल्याला पाठ असतं, हे कलम कुणी वाचत नाही.

आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा २०२० चा कायदा? तो मला हवा आहे. तिथंही सक्तीच आहे, हे कबूल. तेव्हा मी व्युत्पत्ती काढत बसलो नव्हतो.

आत्यानं हे बरोबर पकडलं. माझा मुलगा दर रविवारी मराठी शाळेत जातो. जातो म्हणजे मी नेतो. गाडीत बसेपर्यंत त्याचं एकच चाललेलं असतं, "जावंच लागतं का?" परवा हे फोनवर तिच्या कानावर पडलं.

"त्याच्यावर कुणी लादली रे मराठी?"

"मी."

"किती पोरं आहेत वर्गात?"

"अकरा."

"मग ऑनलाइन शिकवा की," आत्या म्हणाली.