जनुकीय पिकांच्या चर्चेत शेतकरी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा की, जनुकीय बदल केलेले पीक सुरक्षित आहे की नाही हे प्रयोगशाळेने ठरवायचे असते, विकसनशील देशांतील शेतकऱ्यांना त्यात ओढल्याने चर्चा भावनिक होते आणि मुंबईत बसून त्यांची वकिली करणाऱ्यांना तर तो अधिकारच नाही. शेवटच्या मुद्द्याबाबत एवढेच सांगतो की, शेतकऱ्यांच्या वतीने कोणीच बोलू नये, त्यांना स्वतः बोलू द्यावे, हीच माझी मागणी आहे.

विषारीपणाची किंवा अ‍ॅलर्जीची तपासणी मतदानाने होत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु बीटी कापसाचे, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाचे, आपल्याकडे जे बिनसले, ते प्रयोगशाळेत बिनसले नाही. 2002 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हापासून 450 ग्रॅम बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीचे वेगळे पाकीट दिले जात असे. ती सरकी मुख्य पिकाभोवती पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लावायची होती, म्हणजे बीटी पिकातून वाचलेल्या पतंगांचा तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. शास्त्र म्हणून यात खोट नव्हती. मात्र तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाला आपण पाचव्या हिश्शाच्या पिकावर अळी पोसायला सांगत होतो. बहुतेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. त्यातच ज्यांच्याकडे पाणी होते त्यांनी वेचणी संपल्यावर पऱ्हाटी (कापसाची झाडे) न उपटता फरदड, म्हणजे त्याच झाडांचे पुढचे पीक, घेतली आणि गुलाबी बोंडअळीच्या खाण्याची सोय उन्हाळ्यापर्यंत झाली. आधी एका जनुकाला, मग बोलगार्ड-2 या पुढच्या, दोन जनुकांच्या बीटी कापसातील दुसऱ्या जनुकालाही अळी दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतांत डोमकळ्याच डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) दिसू लागल्या. ‘हे पाकीट तुम्ही खरोखर पेराल का?’ एवढा प्रश्न मंजुरीपूर्वी दहा-पाच गावांत मोकळेपणाने विचारला असता, तर उत्तर तेथेच मिळाले असते.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोत 2008 पासून बीटी कापूस लावला गेला, फवारण्या कमी झाल्या, तरीही काही वर्षांत तो मागे घेण्यात आला, कारण धाग्याची लांबी कमी भरू लागली. मुंबईतील कॉटन ग्रीनच्या कापूस व्यापाराशी ज्यांचा कधी संबंध आला असेल, त्यांना धाग्याच्या एका मिलिमीटरने भावात किती फरक पडतो हे सांगायला नको. पीक सुरक्षित असणे आणि शेतकऱ्याला परवडणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता भावनिकतेबद्दल. शेतकऱ्यांना बोलावले की ते विरोधच करणार, असे आपण गृहीत धरले आहे. 2001 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात प्रामुख्याने अल्पभूधारकांच्या नागरी पंचमंडळाने तज्ज्ञांना प्रश्न विचारून अशा पिकांना नकार दिला, हे खरे आहे. पण जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तुरुंगवासाची शक्यता पत्करून मंजुरी नसलेले तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारले तरी पीक न मरणारे) कापूस बियाणे उघडपणे पेरले. त्यांचे म्हणणे सरळ होते : निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी झेपत नाही. त्याच निंदणीवर ज्या बाईचे पावसाळ्यातले घर चालते, तिला मात्र या बियाण्याविषयी कोणी काहीच विचारलेले नाही, आणि मला हे सर्वांत अधिक खटकते. ‘शेतकरी’ म्हणून एकच प्रतिनिधी व्यासपीठावर बसवला, तर या दोघांपैकी एकाचा आवाज नक्कीच गळतो.

बीटी वांग्याच्या वेळी 2010 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूर आले. तेथे गोंधळ झाला, ही आपली तक्रार मी समजू शकतो. मोठ्या सभागृहात एका दिवसात सगळ्यांना बोलवल्यावर दुसरे काय होणार? जनुकीय बदल केलेल्या मोहरीच्या प्रकरणात जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठात मंजुरीवरून मतभेद झाले, तरी केंद्राने शेतकरी प्रतिनिधींसह सर्व संबंधितांशी चर्चा करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते. ती चर्चा पेरणी-वेचणीचे दिवस टाळून तालुक्याच्या गावी व्हावी, चाचण्यांचे अहवाल आधी मराठीत मिळावेत, आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या बायांना त्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावे. यांपैकी कोणती गोष्ट विज्ञानाच्या आड येते, ते आपण जरूर कळवावे.