‘सद्दाम याहून वाईट होता’ हा बचाव होत नाही

इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. ‘हुकूमशहा सद्दाम हुसेनच्या काळात त्याच तुरुंगात याहून भयंकर चालायचं. नीती-अनीती सापेक्ष असते, त्यात युद्ध; घरात बसून सैनिकांचा न्याय करू नका. दहशतवाद्यांना बोलतं केलं तरच निरपराध वाचतात. आणि दोषींना शिक्षा झालीच की.’ शिकली-सवरलेली माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी सद्दाम. त्याच्या राजवटीत तिथे असंख्य कैद्यांना छळलं, फासावर लटकवलं, यात शंका नाही. पण त्याला क्रूर म्हणायलाही क्रौर्याचं काही माप लागतं. ते माप शत्रूला लावायचं आणि आपल्या बाजूची वेळ आली की ‘सगळं सापेक्ष असतं’ म्हणायचं, हा सापेक्षतावाद नव्हे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच ते आहे. सच्च्या सापेक्षतावाद्याला सद्दामलाही नावं ठेवता येणार नाहीत. चालेल?

शिवाय कैद्यांना नागवं करून एकमेकांवर रचणं, डोक्यावरून बुरखा घालून, हातांना तारा बांधून खोक्यावर उभं करणं आणि ‘पडलास तर शॉक बसेल’ असं सांगणं, हे ज्यांनी केलं त्यांना समोरच्याला काय लागेल हे नेमकं ठाऊक होतं. ते ठाऊक असल्याशिवाय असा छळ करताच येत नाही. मग नीतीच्या कल्पना वेगळ्या होत्या, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

घरात बसून न्याय नको, हे क्षणभर मान्य करू. जोसेफ डार्बी घरात बसलेला नव्हता. तो त्याच तुरुंगात नेमलेला अमेरिकी सैनिक होता. जानेवारी २००४ मध्ये या छळाच्या छायाचित्रांची सीडी त्यानेच लष्करी तपासयंत्रणेकडे दिली. युद्ध तेच, तुरुंग तोच, तरी त्याला चूक ती चूक दिसली.

आता माहिती काढण्याचा मुद्दा. मुळात ते सगळे दहशतवादी होते हेच खरं नाही. इराकमध्ये अटकेत असलेल्यांपैकी ७० ते ९० टक्के लोक चुकून पकडलेले असावेत, असा काही लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांचाच अंदाज रेडक्रॉसच्या फेब्रुवारी २००४ च्या अहवालात नोंदला आहे. आणि छळातून निघणारी माहिती कशी असते, ते अल-कायदाशी संबंधांच्या संशयावरून पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबीच्या उदाहरणात दिसतं. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने त्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे त्याला साधारण ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या खोक्यात सुमारे १७ तास कोंबलं, मग बाहेर काढून बडवलं. अशा छळापायी त्याने प्रश्नकर्त्यांना हवं होतं ते सांगितलं: इराक अल-कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण देतो. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत हीच गोष्ट पुरावा म्हणून मांडली, पुढच्याच महिन्यात इराकवर हल्ला झाला. नंतर लिबीने आपण ते रचून सांगितल्याचं कबूल केलं आणि २००४ मध्ये सीआयएने ती माहिती मागे घेतली. मारापायी माणूस काहीही बोलतो आणि त्याची किंमत तिसरेच कोणी मोजतात. जीव वाचवणाऱ्या छळाचं गणित मांडणाऱ्यांच्या हिशेबात हे जीव कधी येतच नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार १९८४ चा. युद्धासह कुठलीही अपवादात्मक परिस्थिती छळाचं समर्थन ठरू शकत नाही, हे त्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. अमेरिकेने तो १९९४ मध्ये अधिकृतपणे स्वीकारला, कोणी बळजबरी केली नव्हती.

राहिली शिक्षा. छायाचित्रांत दिसलेल्या काही खालच्या सैनिकांना ती झाली, चार्ल्स ग्रेनरला १० वर्षांची. पण मनादेल अल-जमादी हा इराकी कैदी नोव्हेंबर २००३ मध्ये तिथेच सीआयएच्या चौकशीत मेला. हात पाठीमागे बांधून ते खिडकीच्या गजांना अडकवलेले होते. लष्करी शवविच्छेदनात हा मनुष्यवध ठरला. त्याला मारहाण केल्याचा आरोप असलेला नौदल अधिकारी निर्दोष सुटला आणि २०१२ मध्ये न्याय खात्याने कोणावरही खटला न भरता फाइल बंद केली. ‘शिक्षा झालीच की’ म्हणणाऱ्यांनी या मृत्यूची शिक्षा कोणाला झाली, ते सांगावं.