अभावाला वेगळी नोंद हवीच

परवा तर्री पोहे खाता खाता मित्राशी चांगलंच वाजलं. विषय काय, तर ज्ञानकोशात ‘अभाव’ (म्हणजे एखादी गोष्ट ‘नसणं’) या संकल्पनेवर स्वतंत्र लेख असावा की नाही. (हो, आम्ही असल्या गोष्टींवर भांडतो.) तो म्हणे, "कोण वाचते बे? वैशेषिक दर्शनाच्या लेखात एक परिच्छेद टाक आन मोकळा हो."

केतकरांनी ज्ञानकोशाचा संसार पहिल्यांदा मांडला तो याच नागपुरात. आणि आम्ही इथं बसून ‘कोण वाचते’ म्हणायचं!

गंमत अशी की नेमका हाच वाद खुद्द अभावावरून शेकडो वर्षं चाललाय. वैशेषिक दर्शनाचा मूळपुरुष कणाद, त्याने पदार्थ (म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ वर्ग) सहाच मोजले. अभाव सातवा म्हणून मागून आला आणि १७व्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त थेट यादीत बसला. नैयायिकांचं (न्याय दर्शनवाल्यांचं) म्हणणं, ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान खरं, तर त्याला विषयही खरा हवा. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनातले प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, कशाला? दिसते ती नुसती मोकळी जमीन. माझ्या मित्राचेच पूर्वज! दुसरा मीमांसक कुमारिल, त्याने तर अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी (वस्तू न आढळणं) हे वेगळं प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं साधनच, मानलं, आणि बौद्ध धर्मकीर्तीने तीच अनुपलब्धी अनुमानातला हेतू, म्हणजे पुरावा, म्हणून बसवली.

आता एवढ्यांचं भांडण एकट्या वैशेषिकांच्या घरात कोंबलं, तर निकाल आधीच लागला ना.

आणि हे पोथीतलंच आहे असंही नाही. मागच्या मे महिन्यात आमचा माठ फुटला. तिवईवर ओला गोल डाग तेवढा उरला. दोन दिवस बाहेरून आलो की पेला घेऊन माझा हात तिकडेच. आई म्हणायची, "काहून रे, फुटला ना तो!" हा प्रध्वंसाभाव. कुंभाराने घडवण्याआधी माठ नव्हता, तो प्रागभाव. माठ म्हणजे कूलर नव्हे, हा अन्योन्याभाव. वाऱ्याला रंग कधीच नसतो, तो अत्यंताभाव.

या चारही प्रकारांना वेगवेगळे लेख द्या, असं मी म्हणत नाही. तो हावरटपणा झाला. एकच लेख, आणि बाकी दर्शनांच्या लेखांत ‘पहा : अभाव’ एवढं पुरे.

मसुदा काल रात्री मित्राला पाठवलाय. अजून उत्तर नाही. तूर्त प्रागभाव धरून बसलोय.